ओळखलंत का?

कल्याणात आगगाडी येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. गावात कुणाकडे मुंज असो, काशीयात्रेनंतरचं मावंदं असो, बोलावणं करायला मीच. हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे, महाराज! दारात उभं राहून यजमानाला नावानं हाक मारायची, तरच तो पानावर येणार. नाव चुकलं की जन्माचा रुसवा. माझं कधीच चुकलं नाही. पारनाक्यापासून बंदरापर्यंत, भटजीपासून तांडेलापर्यंत, एकदा भेटलेला माणूस मी नावानिशी ओळखत असे.

माझी बायको सुमती यावरून चिडवायची. "सगळ्या गावाची नावं तुमच्या तोंडात, आणि आम्हाला एक घ्यायची चोरी!" खरंच होतं. नवऱ्याचं नाव बायकांनी कसं घ्यायचं? फक्त चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारणी तिला उंबऱ्यात अडवत, तेव्हा लाजत लाजत उखाण्यात घेई. ते ऐकायला मी मुद्दाम अंगणात रेंगाळत असे.

होळी नुकतीच झाली होती. बंदरावर उभा होतो. ओहोटीमुळे होडी लांबच थांबली होती आणि माणसं गुडघाभर चिखल तुडवत काठाला येत होती. त्यातला एक गृहस्थ थेट माझ्याकडे आला. पांढरं उपरणं, मध्यम वय. चेहरा असा, की नजर हलवली की आठवू नये. पाय मात्र कोरडे ठणठणीत.

"काय, ओळखलंत का?"

ओळखलं नव्हतं. पण मी तसं कबूल करतोय होय? "वा! न ओळखायला काय झालं?"

"मग नाव सांगा बघू."

समोर राघो तांडेल दोर गुंडाळत बसला होता. घाईत तेच तोंडात आलं. "राघो!"

"राघो," तो सावकाश म्हणाला. तहान भागल्यासारखं त्याला बरं वाटलेलं दिसलं. "बरं झालं भेटलात." आणि गावाकडे चालता झाला.

दुसऱ्या दिवशी मी राघोला हाक मारली. त्यानं वर पाहिलं नाही. पुन्हा मारली, तर बाकीचे नावाडी, हा कुणाला बोलावतोय, म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. दुपारी त्याची म्हातारी रंगूबाई भाकरीचं फडकं घेऊन आली आणि ओळीनं बसलेल्या नावाड्यांसमोरून नुसती येरझाऱ्या घालू लागली.

"दादा, यातला माजा पोर कंचा? नाव येत नाय तोंडात."

"अगं, हा काय राघो!" मी बोट दाखवलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे. "हा नाय," ती म्हणाली आणि फडकं तसंच घेऊन परत गेली. राघो त्या फडक्याकडे बघत राहिला.

पाडवा उलटला, आणि तो गृहस्थ मला पारनाक्यावर गाठून म्हणाला, "ते नाव झिजलं हो. ओळखलंत ना मला?"

"नाही! मुळीच ओळखत नाही मी तुम्हाला!"

"असं कसं? बरं, मग घरी येतो. वहिनींना विचारू. काय नाव त्यांचं?"

सुमतीचं नाव याच्या तोंडी जाऊ द्यायचं नव्हतं. कुणाचंच नसलेलं एखादं नाव त्याच्यापुढे टाकावं म्हणून मी धडपडलो. पण जे जिभेवर येई, त्याच्यामागे एक माणूस उभा राही, त्याची आई उभी राही. गेलेल्यांची नावं आठवली, तर ती नातवांना ठेवलेली. हजारो नावं पाठ असलेल्या मला एक रिकामं नाव सापडेना!

"माझंच घ्या, आणि व्हा चालते!" मी ओरडलो. आणि सांगितलं.

"छान आहे," तो म्हणाला.

घरी आलो तेव्हा सुमती ओटीवर कैरी किसत होती. संध्याकाळी शेजारीच हळदीकुंकू होतं. मला पाहून ती पदर सावरत उठली.

"हे घरात नाहीत. बसा, येतीलच."

"सुमे, अगं, मी!"

ती दोन पावलं मागे सरली. "आपण कोण?"

मी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

"बाई, घरधन्याचं नाव काय? तेवढं सांगा." मी अक्षरशः हात जोडले.

"अगंबाई! नवऱ्याचं नाव कुणी घेतं का असं?"

अंगणात वहाणा वाजल्या. माझ्या वहाणांचा आवाज मला कळत नाही होय? तिचा चेहरा उजळला.

"हे आलेच," ती म्हणाली.

मी मागच्या दारानं पळालो. आता एकच आशा होती.

दिवेलागणीला शेजारच्या अंगणात, केळीआड उभा राहिलो. बायकांनी तिला उंबऱ्यात अडवलं.

"नाव घे, तरच आत!"

ती लाजली. अगदी दर वर्षीसारखी. मला रडूच आलं.

"खाडीला आली भरती, होडी लागली काठी..."

मी केळीचं पान बाजूला सारून कान दिला.

तिनं नाव घेतलं. स्पष्ट, हौसेनं. बायका हसल्या.

ऐकलं मी. नीट ऐकलं. तेच घोकत कवाडाकडे धावलो.

कवाडाशी तो उभा होता, माझ्या वहाणा घालून.

"आपलं नाव?" त्यानं अदबीनं विचारलं.

सांगायला गेलो.

आयुष्यात मी विसरलेलं ते एकच नाव.