तीन ग्रॅम जास्त

खेळण्यांच्या दुकानात परत आलेला माल तपासणं हे माझं काम. बावीस वर्षं झाली. ठोकळ्यांचा खेळ परत आला की तुकडे मोजत बसायला वेळ कोणाला आहे? आम्ही खोकं सरळ काट्यावर ठेवतो. वजन कमी भरलं तर तुकडा हरवलाय, बरोबर भरलं तर माल पुन्हा मांडणीवर. दुकानात मला ‘काटा’ म्हणतात, आणि माझं तोंड पाहता ते फक्त वजनापुरतंच म्हणत असतील असं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी एक म्हातारे गृहस्थ नाताळाचं कॅलेंडर परत घेऊन आले. तुम्ही पाहिलं असेल. चपटं खोकं, त्यावर चोवीस छोट्या खिडक्या, एक डिसेंबरपासून रोज एक उघडायची. आत चार-सहा ठोकळे निघतात, त्यांची एखादी इवलीशी वस्तू होते. खिडक्या सगळ्या बंद होत्या. मी विचारलं, काय बिघडलंय?

“बिघडलं काही नाही,” ते म्हणाले. “घरात उघडणारं कोणी राहिलं नाही.”

पावतीसुद्धा न घेता ते गेले. मी खोकं काट्यावर ठेवलं. तीन ग्रॅम जास्त. तीन ग्रॅम म्हणजे ठोकळ्यांतला एक माणूस, इतक्या वर्षांनी हे हातालाच कळतं. कमी भरलं असतं तर मी खोकं बाजूला काढलं असतं. जास्तीसाठी आमच्याकडे नियमच नाही. कोपरा चेपला होता म्हणून ते मांडणीवर ठेवता येईना, तेव्हा मी भाचीसाठी घरी आणलं.

भाची सात वर्षांची. मिळेल ते गालात कोंबून हिंडते म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. तिची आई, म्हणजे माझी ताई, रुग्णालयात रात्रपाळीला असते, त्यामुळे सकाळी शाळेची तयारी माझ्या गळ्यात. खिडकी उघडण्याआधी खारूताई तिच्यावर नखानं ठोकायची. टक टक, जरा थांबून आणखी एक टक. न विचारता कोणाच्या घरात शिरू नये, हे मीच तिला शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी टेबल निघालं. एका पायाखाली चपटा करडा तुकडा. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवलीय. मला गंमत वाटली. पाचव्या दिवशी खिडकी निघाली, आणि त्या सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडेना. दमट हवेनं लाकूड फुगलं असेल म्हणून मी सोडून दिलं. नवव्या दिवशी न्हाणीघराचा झरोका. चौदाव्या दिवशी गॅलरीचं दार. दर वेळी आधी ठोकळ्यांतलं, मग घरातलं. मला हे कळायला चौदा दिवस लागले याची आजही लाज वाटते. घरात हवा कोंडली होती आणि तिला नव्या प्लास्टिकचा वास येत होता. ताईला सांगितलं, तर “सुताराला बोलाव” म्हणून ती झोपली.

मी कॅलेंडर कपाटावर ठेवून दिलं आणि विषय संपला असं समजलो.

तेवीस तारखेला सकाळी स्वयंपाकघरात आलो, तर खारूताई स्टुलावरून उतरत होती. तिच्या हातात एक लालभडक दार होतं. आमच्या बाहेरच्या दारासारखंच, फक्त मूठ नव्हती.

“मी रोज उघडत होते, मामा,” ती म्हणाली. “रागावू नकोस.”

मी बाहेरच्या दाराकडे धावलो. मुठीच्या जागी नुसतं गुळगुळीत लाल लाकूड होतं. फोन लागत नव्हता. तेवढ्यात दारापलीकडून, रात्रपाळीहून परतलेल्या ताईचा आवाज आला, उशीतून यावा तसा दबका.

“अरे, आपलं दार कुठंय?”

“तुझ्या समोर, ताई.”

“इथे भिंत आहे... मी हात फिरवतेय. नुसती भिंत...”

कॅलेंडरमधून आमचं घर सगळं बाहेर आलं होतं. चोविसाव्या खिडकीत आता माणसंच उरली होती. मला माझं काही वाटलं नाही. पोरीला उद्याच्या आत बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात होतं. मग मला माझंच काम आठवलं. परत आलेला माल मी रोज पुन्हा भरतो.

“सगळं सुटं कर,” मी तिला म्हणालो. “जे जिथून निघालं तिथे परत.”

आम्ही पहिल्यापासून भरत गेलो. पाचवी खिडकी मिटली आणि पाठीमागे स्वयंपाकघराची खिडकी करकरत उघडली. गार हवा आत आली. मी झडप घालून लाल दार उचललं, ते मोडलं, आणि त्याचा एक तुकडा घरंगळत टेबलाखाली गेला.

“मी काढते,” म्हणून खारूताई खाली वाकली. मी बाकीच्या खिडक्या भरत सुटलो. टेबलाखालून तिचा हात वर आला, तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मी तेविसावी खिडकी दाबली आणि खोक्यावर चिकटपट्टी लावली. आयुष्यात पहिल्यांदा वजन न करता.

दाराची मूठ खट्कन फिरली. टेबलाखालून बाहेर येऊन तिनं माझा हात धरला. बाहेर ताईनं तिला छातीशी घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

दुपारी दुकानात खोकं काट्यावर ठेवलं. सहा ग्रॅम जास्त. म्हणजे आत आता दोन माणसं.

ताई होती. मी होतो. खारूताई होती. आमच्यातलं कोणीही कमी नव्हतं.

खारूताई आता लहान लहान घास घेते. गाल कधी फुगत नाहीत. पोर शहाणी झाली म्हणून ताई खूश आहे. खोकं कामाच्या जागी खणात ठेवलंय. ते टाकवत नाही आणि उघडवत नाही.

काल ताई तिला घेऊन दुकानात आली होती. ताई पुढे खेळणी बघत होती, ती माझ्यापाशी उभी होती. खणातून आवाज आला. टक टक... आणि जरा थांबून आणखी एक.

मी खोकं बाहेर काढलं. चोविसाव्या खिडकीवर नख ठेवलं. तिनं हळूच माझं मनगट धरलं.

“नको ना, मामा,” ती म्हणाली. “मला इथे आवडतं.”

मी नख उचललं नाही आणि दाबलंही नाही. आतून पुन्हा ठोकलं गेलं, तसंच शहाण्यासारखं, परवानगी मागत.