कार्ड असल्याशिवाय आत नाही

आमची गाठ पडली ती ऑफिसच्या काचेच्या दारात. माझ्या दोन्ही हातांत कॉफीचे कप आणि हा दार धरून उभा. "या ना मॅडम, या!" केवढं गोड हसला! मी आत गेले, कप ठेवले आणि याचं नाव लिहून घेतलं. सायबर सुरक्षा हे माझं काम. कार्ड न बघता अनोळखी माणसाला आत कोण घेतं, तेच तपासायला मी आले होते. बिचाऱ्याला दिवसभर प्रशिक्षणाला बसावं लागलं. शिकवणारी मीच.

पुढे मी त्याच ऑफिसात रुजू झाले. तेव्हापासून मी 'फौजदार' आणि तो 'द्वारपाल'. रोज डब्यावरून भांडायचो. भांडता भांडता जीव कधी जडला, कळलंच नाही. बोललं मात्र कुणीच नाही...

मग मला परदेशात नोकरी लागली. आणि हा शहाणा काय म्हणाला? "अभिनंदन! बॅगांचं वजन करून देऊ का?"

वजन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटच्या दिवशी कार्ड जमा केलं आणि याच्याकडे न बघता तरातरा बाहेर पडले. पर्स आतच राहिली. परत आले तर काचेपलीकडे हाच, हातात माझी पर्स.

"दार उघड."

"कार्ड?"

"जमा केलंय, माहितीये तुला!"

"मग आत कसं घेऊ? ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही. फौजदारांनीच शिकवलंय."

"रोज माझ्या डब्यातली भाजी पळवतोस आणि ओळख विचारतोस? एकदा तरी 'जाऊ नकोस' म्हणालास?" माझा आवाज चढला. "प्रेम करते मी तुझ्यावर, गाढवा! पटली ओळख?"

रिसेप्शनवरच्या काकूंनी हातातला फोन खाली ठेवला.

त्याने दार उघडलं. डोळे भरून आले होते त्याचे. "जाऊ नकोस म्हटलं असतं, तर राहिली असतीस. आणि जन्मभर मला बोल लावला असतास. म्हणून तोंड शिवून बसलो. माझंही आहे गं प्रेम... पहिल्या दिवसापासून."

"आणि हे आत्ता सांगतोस? मी उद्या निघाल्यावर काय करायचं?"

"तू जा. मी तिकडे काम शोधतो. मिळेपर्यंत रोज फोनवर भांडू."

मी पर्स हिसकावली. राग अजून पुरता गेला नव्हता. "माझ्यामागे कुणाला कार्ड न बघता आत घेतलंस, तर याद राख!"

"एकदाच घेतलं होतं," तो म्हणाला, "ती अजून बाहेर पडली नाही."