टाकीतलं पाणी जातं कुठे?

"दोनदा अंघोळ केल्याशिवाय या अथेन्सच्या पोरांचा दिवस सरत नाही!" आजोबांनी रिकामी बादली आपटली. "पंधरा दिवसांत टाकी तळाला चालली. खेचराला पाजायला पाणी आणू कुठून? शनिवारी अस्तेरोला विकून टाकतो."

सुट्टीला आलेल्या त्यांच्या नातीने, लेमोनियाने, धाकट्या भावाकडे पाहिलं. अस्तेरो हे आजोबांचं म्हातारं खेचर. बंदरावरचा एक माणूस ते घ्यायला टपलेला होता. पर्यटकांना खेचरांवर बसवून सहाशे पायऱ्या चढवायच्या, हा त्याचा धंदा. सँटोरिनी बेटावर ना नदी, ना ओढा; पावसात गच्चीवरून टाकीत उतरतं तेवढंच पाणी, आणि पुढचा पाऊस ऑक्टोबरात.

"आपण तर तांब्याभर पाण्यात अंग पुसतो," धाकटा मांथोस फुरंगटला.

"म्हणजे दुसरंच कुणीतरी डल्ला मारतंय," लेमोनिया म्हणाली.

दुपारी सारं गाव झोपतं, बादलीला कुणी हात लावत नाही. लेमोनियाने टाकीत पाण्यालगत कोळशाने रेघ ओढली. माणसं उठेपर्यंत पाणी रेघेच्या वीतभर खाली!

शनिवारी दुपारी सगळे झोपल्यावर तिने स्वयंपाकघरातून पुड्या काढल्या. ईस्टरची अंडी रंगवून उरलेला लाल रंग होता तो.

"आजोबा सोलून काढतील हं," मांथोस कुजबुजला.

"खायचाच रंग आहे. टाकीत ओत मुकाट्याने."

तासाभरात भिंतीपलीकडे गलका झाला, तशी दोघं भिंतीवर चढली. स्ताथिसकाकांच्या हॉटेलातला छोटा पोहण्याचा तलाव गुलाबी झाला होता आणि पाहुणे हौसेने फोटो काढत होते. काका म्हणजे आजोबांचाच थोरला मुलगा. मधल्या भिंतीतून त्यांनी टाकीत पाइप सोडला होता.

"एकट्या म्हाताऱ्याला एवढं पाणी हवंय कशाला?" काका हसले. त्यांना जराही लाज वाटली नाही.

आजोबांना सांगायला दोघं धावत सुटली. समोरून आजोबा पायऱ्या चढून येत होते, हातात नुसता दोर. पोरं रडतील म्हणून ते भरदुपारीच अस्तेरोला देऊन आले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शाबास. उगाच तुमच्यावर आळ घेतला मी."

"मग त्याला परत आणू या ना!"

"शब्द दिलाय, बाळ." आजोबांनी दोर खुंटीला अडकवला. मुलाला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि लेमोनियाला त्यांचा भयंकर राग आला.

कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी दोघांची पाठ थोपटली, बदामाची वडीसुद्धा दिली. लेमोनियाने आपली मांथोसला देऊन टाकली.

सोमवारी बंदराच्या पायऱ्यांवर अस्तेरो दिसलं, पाठीवर एक धिप्पाड पाहुणा. लेमोनियाने हाक मारली. आवाज ओळखून ते थांबलं, आणि थांबलं म्हणून त्याला छडी बसली. तिने पुन्हा हाक मारली नाही.