समोरच्या खुर्चीतला घास

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी शेजाऱ्यांना आधीच बजावलं. बसला तर पंचाईत माझीच. जन्मभर थापा मारून कमावलेलं नाव जाईल.

तेव्हा मी एका छोट्या नाट्यगृहात दिवे सांभाळायचो. दुपारच्या रिकाम्या वेळात तिथे एका बाईचा प्रयोग चाले. आजारात तिचा घसा बंद पडला होता. आजार गेला, पण गिळणं काही परत आलं नाही. थोरला भाऊ नाकातल्या नळीतून तिला पातळ अन्न द्यायचा. अशी किती दिवस तग धरेल, ते डॉक्टरही सांगेनात.

प्रयोग साधा. टेबलाशी ती, समोर रिकामी खुर्ची. प्रेक्षकांतल्या कुणीही आपला डबा घेऊन यावं, खावं. मात्र गिळताना तिच्याकडे बघावं. मी दिवा प्रेक्षकांच्या बाजूने मारायचो, म्हणजे दोघांच्या गळ्यांच्या सावल्या मागच्या पडद्यावर मोठ्या दिसत.

आधी एक शिक्षिका कुरकुरल्या, आज डबा सपक लागला म्हणून. मग एक शिंपी दोन डबे रिचवून उठला आणि म्हणाला, पोटात कावळे तसेच ओरडताहेत. सगळे हसले. मी पडदा बघत होतो. चावणारी सावली शिंप्याची होती. गिळणारी त्याची नव्हती.

बाईच्या गालांवर रंग चढू लागला. तरी चमचाभर पाणी दिलं की ठसका लागायचाच. त्यात खाल्लेलं पोटात पोहोचेना, म्हणून लोक बिचकले. एका दुपारी खुर्चीत कुणी बसेना. भाऊ सामान आवरायला लागला.

मी शिडीवरून उतरलो. माझ्या डब्यात उकडलेला बटाटा होता. घास घेतला, चावला, तिच्याकडे पाहिलं.

माझा घसा हललाच नाही.

तोंड मात्र रिकामं झालं.

गिळल्याचा आवाज टेबलाच्या पलीकडून आला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग हात लांबवून दुसरा तुकडा तिने स्वतःच उचलला. तो खाली उतरला. ठसका लागला नाही. भाऊ पेटीवर बसून लहान मुलासारखा रडला.

"पुढे ती कुठे गेली, देव जाणे," मी शेजाऱ्यांना म्हणालो. "मी मात्र घरी जाऊन चवीने जेवलो."

"खोटं," दारातून बायको म्हणाली. "मी गेले कुठे? तुमच्याच घरी आले की. आणि तुम्हाला कसली आलीय चव? मघाशी स्वयंपाकघरात चोरून साखर खाल्लीत. मी वर गच्चीत कपडे काढत होते. माझं तोंड गोड झालं."