तांदळाच्या पिठातली पावलं

लुकांग गावात देवळामागच्या गल्लीत चिन-श्या आजींचं मिठाईचं दुकान आहे. तिथे चोरी झाली म्हणून जिल्ह्याच्या पोलिसांच्या ठसे विभागातून आम्हाला पाठवलं, तेव्हा तिजोरी फोडली असेल असंच मला वाटलं. गेलं होतं काय, तर शेंगदाण्याची एक वडी. तीही अर्धीच.

"अर्धी मागे ठेवलीय," ल्यूदादा चिमट्याने ती उचलत म्हणाले. "चोर संस्कारी दिसतो."

ल्यूदादा माझे वरिष्ठ. त्यांना निवृत्तीचे वेध लागले होते आणि वड्यांचे त्याहून जास्त. आजी काउंटरमागे बसून हसत होत्या. हसत नव्हता तो त्यांचा मुलगा वेन-लुंग. तक्रार त्याचीच होती आणि नगरसेवक त्याचा दोस्त होता, नाहीतर अर्ध्या वडीसाठी आम्हाला कुणी हलवलं नसतं.

"रात्री या घरात दोघंच असतात," तो म्हणाला. "आई आणि तो. आता आई काय वड्या चोरून खाणार?"

"का नाही खाणार?" आजी म्हणाल्या. "दुकान माझं आहे."

'तो' म्हणजे आ-हुई. तिशीचा, रुंद खांद्यांचा, पॅरोलवर सुटलेला. गाड्या चोरायचा. आजींनी त्याला माळ्यावर जागा दिली, तांदळाचं पीठ भाजायला शिकवलं, आणि आता त्याच्या हातची वडी आजींच्या वडीहून खुसखुशीत होते असं गल्ली म्हणायची. वेन-लुंगला मात्र तिथे कॉफीचं दुकान काढायचं होतं. आ-हुई गेला की आजींच्याने एकटीने भट्टी रेटवणार नव्हती. आणि घरफोडीचा नुसता संशय जरी वर कळवला गेला असता, तरी आ-हुई पुन्हा आत गेला असता. तो दारापाशी हात पुसत उभा होता. 

मी नेहमीसारखं काम केलं. बरणीच्या काचेवर उजव्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा होता, भोवऱ्यासारख्या गोल रेघांचा, मधोमध आडवा जुना व्रण. सांडलेल्या पिठात अनवाणी पाऊल. वडीवर दातांच्या खुणा, विरळ, म्हाताऱ्या माणसाच्या. वडीला चिकटलेला एक पांढरा केस. कुलूप शाबूत, कड्या आतून लावलेल्या.

ताडून बघायला घरातल्यांचे ठसे घेतले. आजींची बोटं कागदावर दाबली तर नुसते काळे डाग उठले. आयुष्यभर गरम पाक हाताळून कातडीवरच्या रेघाच पुसून गेल्या होत्या.

"बघ गं पोरी," आजी म्हणाल्या, "मी खून केला तरी तुला सापडायची नाही."

आ-हुईचा अंगठा जुळला नाही. वेन-लुंग म्हणाला, हातमोजे घातले असतील, आणि तो ठसा कुणातरी गिऱ्हाइकाचा.

त्यावर आ-हुई पहिल्यांदा बोलला. "मला चौकीत झोपू द्या. दाराला तुम्ही सील लावा."

तो चौकीतल्या बाकावर झोपला, आजी शेजाऱ्यांकडे. ड्युटीवरच्या हवालदाराला त्याने बुद्धिबळात सारखं हरवलं, अशी हवालदाराचीच तक्रार आली. आणि सकाळी आमची सीलं जशीच्या तशी असताना बरणीतली वडी खाल्लेली होती.

ठसा तोच. तोच भोवरा, तोच व्रण. या वेळी दात मात्र भक्कम होते, सगळेच्या सगळे. केस काळा होता.

"झालं," मी वेन-लुंगला म्हणाले. "आ-हुई पोलिसांच्या डोळ्यांसमोर घोरत होता. तक्रार मागे घ्या."

त्याने कुरकुरत घेतली. आजींनी गल्लीत सगळ्यांना वड्या वाटल्या. आ-हुई भट्टीशी जाऊन पाठ करून उभा राहिला आणि बराच वेळ पीठ भाजत राहिला. त्याचे खांदे हलत होते, ते काही पीठ ढवळण्यामुळे नव्हे.

प्रकरण मिटलं होतं. तरी आम्ही जात राहिलो. ल्यूदादा वड्यांसाठी, मी त्या अंगठ्यासाठी.

कारण पुढचा ठसा लहान होता.

बोटांवरच्या रेघा आईच्या पोटात उमटतात त्या मरेपर्यंत तशाच राहतात. मूल वाढतं तसा ठसा पसरतो, एवढंच. इथे उलट चाललं होतं. वळणं तीच, व्रण तोच, पण रेघा एकमेकींच्या जवळ सरकलेल्या.

"पट्टी आखडली का तुझी?" ल्यूदादांनी विचारलं. मी दुसऱ्या पट्टीने मोजलं. मग त्यांनी मोजलं. दातांच्या खुणा दुधाच्या दातांच्या होत्या, पुढे एक खिंडार. पाऊल माझ्या तळहाताएवढं. आतापर्यंतच्या सगळ्या लाळेच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेचं उत्तर एकच आलं: माणूस एकच.

"कोण असेल आजी?" मी विचारलं.

"भुकेला आहे, एवढं कळतं," त्या म्हणाल्या. "आणि दात पडतायत बिचाऱ्याचे. आ-हुई, उद्यापासून मऊ काहीतरी ठेव रे."

त्यांनी भीती अशी दाखवलीच नाही. आ-हुईने लहान वाडग्यात तांदळाची गोड पेज केली, ती ढवळून निवत ठेवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की पावलं नीट मिळवायचीच. सामान भिंतीला लावलं, वाडगा जमिनीवर ठेवला आणि चाळणीने फरशीभर पिठाचा पातळ थर दिला. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत दारापर्यंत. बाहेर समुद्राचा वारा सुटला होता, देवळात ढोल वाजत होता. दारात उभं राहून ल्यूदादा सूचना देत होते.

"डावीकडे कमी पडलंय. लग्नात अशीच जेवणं वाढलीस तर नवरा पळेल."

"दादा, तुम्ही चाळा."

"माझं वय झालं."

आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आम्ही दार बंद केलं, सील लावलं, आणि चौघं समोरच्या टपरीवर कालवांचं आमलेट खायला गेलो. आजी आणि आ-हुई त्या रात्री शेजाऱ्यांकडे झोपले.

सकाळी सील तसंच होतं. मी दार उघडलं. कोवळं ऊन फरशीभर पसरलं होतं.

काउंटरखालून माग निघाला होता. पावलांचा नव्हे. तळव्यांचा आणि गुडघ्यांचा.

रांगत आलं होतं ते. वाडग्यापाशी येऊन त्याने पेज चाटूनपुसून खाल्ली होती. वाडग्याच्या कडेवर दातांची खूण नव्हती. अंगठ्याचा ठसा होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.

"खाल्लं ना सगळं?" आजींनी बाहेरून विचारलं.

"सगळं," मी म्हणाले.

"शहाणं माझं."

वाडग्यापासून माग पुढे गेला होता, आणि खोलीच्या मधोमध संपला होता.

तिथून दुसरी पावलं सुरू होत होती. मोठ्या माणसाची, अनवाणी, टाचा खोल रुतलेल्या. काखेत वजन घेऊन चालणाऱ्याची रुततात तशी. ती मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. परत आली नव्हती.

"नेलं कुणीतरी त्याला," आ-हुई हळूच म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. आजींनी हात जोडले आणि खुशीत म्हणाल्या, "चला, भट्टी पेटवा."

 ल्यूदादांची नजर मात्र खोलीच्या मधोमध होती.

तो माणूस तिथवर आला कसा, हे मी शोधत होते. भिंतीकडून तिथवर येणारी पावलं नव्हती. दाराकडूनही नव्हती. पीठ मोडू नये म्हणून मी दारातून एक फळी आडवी टाकली, तिच्यावरून वाकून जवळ गेले आणि विजेरी तिरकी धरली.

तिथे मांडी घातलेल्या माणसाच्या आकाराची मोकळी फरशी होती. दोन्ही गुडघे दाराकडे, म्हणजे मागे सरकत गेलेल्या माझ्याकडे.

कुणी बसून उठलं की पीठ दबतं, विस्कटतं. इथे पीठ दबलेलं नव्हतं, विस्कटलेलंही नव्हतं. मी चाळत होते तेव्हा त्या जागेवर ते पडलंच नव्हतं.