फेलिपा मावशी एक पान पुढे

वादळ ओसरलं, तरी आभाळ काही उघडलं नव्हतं. भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार. निकासिया केरसुणी घेऊन चर्चमागच्या खोलीत शिरली. होंडुरासच्या त्या किनाऱ्यावर वादळानंतर आधी वाळू झाडायची, मग बाकीचं जग. खोलीत कुजक्या नारळाचा आणि खाऱ्या ओलीचा वास कोंडला होता. कोपऱ्यात गावाचं मशीन होतं, आणि निकासिया त्याची राखणदार. राखणदारी एकदा आली की मरेपर्यंतची.

किनाऱ्यावरच्या गारिफुना लोकांच्या प्रत्येक गावात असं एकेक मशीन होतं. सगळ्यांत जमिनीची तीच नोंद, पानाला पान साखळीसारखं जोडलेली. कुणी नवीन पान जोडलं की शेजारची मशीनं ते मागून घेत, तपासत, मगच आपल्यात चिकटवत. बंद पडलेलं मशीन जागं झालं की आधी शेजाऱ्यांना विचारी, माझ्यामागे काय काय झालं? उत्तरं वेगळी आली, तर तपासात टिकेल आणि सगळ्यांत लांब असेल ती साखळी खरी.

तिने बटण दाबलं. जमीन-कचेरीचे साहेब आज येणार होते, आणि या पडद्यावर जे दिसेल ते कायमचं उतरवून नेणार होते.

शेजारी सापडले, पण एकही ओळखीचा नाही. गावाच्या तारा तुटल्या होत्या, चालू होता फक्त हॉटेल कंपनीचा मनोरा, आणि त्याच्यामागची तिचीच मशीनं. पानं येऊ लागली. निकासियाने वाचलं. 'गावाने किनारा कंपनीला दिला.' खाली शिक्का वादळात वाहून गेलेल्या एका गावाचा. शिक्का अस्सल, म्हणून मशीन मुकाट्याने गिळत होतं.

"मेल्यांनी शिक्का ढापला!" ती ओरडली. "रेनान, इकडे ये आधी!"

तिचा दीर रेनान दारातच होता. "तरी सांगत होतो वहिनी, जमीन डब्यात कोंडू नका म्हणून. साहेबांची जीप पुलावर आलीय. आता काय?"

"आता खरं सांगणारा एक शेजारी हवा. एक भेटला तरी पुरे."

ती यादीतल्या नावांना एकेक करून हाका घालत गेली. कुणाचीच ओ नाही. शेवटी उरलं फेलिपा मावशीचं नाव. निकासियाच्या आधीची राखणदार. मावशी नाताळातच वारली होती, आणि तिच्या वेळचं गावाचं जुनं मशीन तिच्या शवपेटीत तिच्या उशाशी ठेवलं होतं. नाव यादीतून खोडा, मशीन उगाच हाका मारत बसतं, असं शहरातला इंजिनियर म्हणाला तेव्हा गाव त्याच्यावर धावूनच गेलं होतं. इथे मेलेल्याचं ताट वाढतात. त्याचं नाव खोडायचं म्हणजे काय?

निकासियाने मावशीला हाक घातली.

काहीच नाही... मग टेकाडावरच्या दफनभूमीकडून शंख वाजला. लांबलचक, ओला आवाज. नवीन पान आलं की मावशी असाच शंख फुंकायची.

"वहिनी... वारा असेल ना?"

"वाऱ्याला गाल असतात का रे?"

पडद्यावर मावशीचं नाव हिरवं झालं. खोलीत तिच्या चिरुटाचा वास पसरला. पानामागून पान येऊ लागलं. वादळ चालू असताना दूरच्या गावांनी लिहिलेली पानं होती ती, आणि पहिल्याच पानावर त्या वाहून गेलेल्या गावाचा शिक्का रद्द केलेला. दर पानाला शंख वाजे, आणि दर खेपेला जरा जवळून. रेनान छातीवर क्रॉसची खूण करत भिंतीला चिकटला. मावशीची साखळी वाढत वाढत कंपनीच्या साखळीला ओलांडून गेली, आणि मशीनने ती खोटी पानं ओकून टाकली.

साहेब आले तेव्हा त्यांच्यासोबत आलेला कंपनीचा वकील आधीपासूनच हसत होता. साहेबांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं, "किनारा गावाचा." वकिलाचं हसू तिथेच विरलं. "रेनान, ढोल काढ!" निकासिया गरजली, आणि सगळं गाव चिखलात नाचलं. म्हाताऱ्या रडत होत्या, पोरं वकिलाच्या गाडीमागे हुर्यो करत पळत होती. जिंकलो! बाई जिंकलो! निकासियाचा ऊर भरून आला.

ती मावशीसाठी हुदुतचं ताट घेऊन खोलीत परतली. माशाचा रस्सा अजून वाफाळत होता. पडद्याकडे बघून तिचे हात थांबले. सगळी गावं एकाच पानावर आली होती. मावशी मात्र एक पान पुढे होती.

ते पान अजून कुणी लिहिलंच नव्हतं. पण मशीनने आपल्या सवयीप्रमाणे ते मागितलं, तपासलं, चिकटवलं. तारीख पुढच्या नाताळची. किनारा गावाचा. राखणदार, रेनान गुइती.

शंख आता खिडकीखालीच वाजला.

"वहिनी, काय लिहिलंय?" रेनानने दारातून विचारलं, गळ्यात ढोल.

"पुढच्या वर्षीही जमीन आपलीच आहे रे!" निकासिया खळखळून हसली. आणि खालच्या ओळीवर तिने तळहात ठेवला.