वळणातला पाइप

मी नकाशा द्यायला गेले होते, एवढंच.

लग्नाला तीन महिने झालेले. मुखेडहून लातूरला आले तेव्हा माझ्या वाट्याला भाड्याच्या दोन खोल्या, एक मोरी आणि हे आले. हे म्हणजे मृत्युंजय. जुन्या बागेचं नूतनीकरण घेतलेल्या ठेकेदाराकडे नकाशे काढतात. वस्तू विसरणं हा ह्यांचा स्वभाव. त्या दिवशी बागेचा मूळ नकाशाच पलंगावर राहिला आणि फोन आला, "अगं, घेऊन ये ना. पाच मिनिटांचं काम हाय."

बाग निजामाच्या काळातली. नकाशा कापडावर चिकटवलेला, कडा उंदरांनी चाखलेल्या. रिक्षात उघडून बघितला. चार दरवाजे, चार वाटा, मधे कारंजं, सगळं मोजूनमापून. फक्त पूर्वेची वाट एका कोऱ्या गोलाला वळसा घालून जात होती. गोलात झाड नाही, बाक नाही. काठाला उर्दूत एक ओळ.

पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. हे नव्या फरशीपाशी उभे, शर्टावर सिमेंट.

"बघ, वाट सरळ केली. त्या वळणात लोकांची उगाच चाळीस पावलं जायची."

"आणि गोलात काय होतं?"

"फेल गेलेला बोर. नुसता पाइप वर आलेला. एखादं लेकरू अडखळून पडायचं. कापला, काँक्रीट भरलं, वर फरशी."

लातुरात जमिनीतून लोखंडी पाइप वर आला की तो फेल गेलेला बोरच असतो. मलाही दुसरं काही वाटलं नसतं.

माळी मकसूदचाचा हातातली नळी टाकून जवळ आले. नकाशावरची ओळ त्यांनी बोट ठेवत वाचली.

"यहाँ से रस्ता न निकाला जाए… साहेब, तो बोर न्हाई. इथं आड होता. बाग करताना बुजवला. आड बुजवला की त्याला दम घ्यायला पाइप ठेवतेत. माझे अब्बा दर जुम्म्याला त्याच्या तोंडावरचा पाला काढायचे."

"चाचा, आडाला दमा हाय का?" हे हसले. मीही हसले थोडी.

मग विचारलं, "आणि पाइप बंद केला तर?"

चाचा माझ्याशी बोलले, पण बघत ह्यांच्याकडं होते. "मग तो दुसऱ्याचा दम घेतो, बेटी."

तेवढ्यात फिरायला येणारी माणसं सुरू झाली. बूट घातलेल्या एक आजी, फोनवर कुणाला तरी झापणारे गुरुजी, पळणाऱ्या दोन मुली. समोर सरळ, कोरी करकरीत वाट. आणि एकेक जण तिथवर येऊन डावीकडं वळत होता, खोदलेल्या मातीतून, जुन्या वळणानं. कुणी खाली बघत नव्हतं. गुरुजींचं झापणंसुद्धा तुटलं नाही.

"सवय," हे म्हणाले. "थांब, मी चालून दाखवतो."

सरळ गेले. मधोमध थांबले. पाठ माझ्याकडं. खांदे वर गेले… आणि खाली आलेच नाहीत. ऐन मे महिन्यात ओल्या, शिळ्या मातीचा वास सुटला. मी धावले, फरशीवर गेले, दंड धरून ओढलं. चपलेतूनही फरशी गार लागली.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "काय झालं? ओरडायलीस कशाला?"

मी ओरडले नव्हते.

रविवारी दुपारी हे झोपले होते. छाती हलत होती. सहज नाकाशी बोट नेलं, तर वारा नाही. श्वासाचा आवाज येत होता, पण मोरीतून. नळाला पाणी येऊन सहा दिवस झालेले, मोरी ठणठणीत कोरडी. तरी आवाज पाण्याखालून आल्यासारखा, सावकाश…

तो एकदम थांबला. बघते तर मोरीच्या भोकावर वीट, आणि घरमालकीण केवळाबाई हात झटकत उभ्या. "झुरळं यायलीत खालून!" आत हे पलंगावर उठून बसले होते, ओठ निळे, हात हवेत. मी वीट उचलून फेकली. मोरी हुंदका दिल्यासारखी वाजली, आणि ह्यांची छाती हलली.

"लई गुणाची सून हाय बाई," केवळाबाई जिन्यातून म्हणाल्या. "झुरळं पाळती."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ. फरशी फोडा म्हणून मी ह्यांच्या पाया पडले. "आता तिथं उद्घाटनाची कोनशिला बसली," हे म्हणाले. "मी कोण फोडणारा? तू लई विचार करतीस." मकसूदचाचा पहार घेऊन गेले होते म्हणे. ठेकेदारानं फाटकातूनच परत पाठवलं.

आता मी घर सोडत नाही. माहेरचा निरोप आला, काहीतरी कारण सांगितलं. हे कामावर जातात, येतात, दोडक्याला नावं ठेवतात. मी मोरीपाशी पाट टाकून बसते. भोकावर पान नको, बादली नको, केवळाबाई नकोत.

इतके दिवस बसून कान तयार झालाय. मोरीत एक नाही, दोन श्वास चालतात. एक ह्यांचा, ओळखीचा. दुसरा हलका, त्याच्या मागोमाग. तो कुणाचा ते नीट कळावं म्हणून मी माझा श्वास धरून ऐकते.

मी धरला, की तो थांबतो.